गुरुलक्षणे पुष्कळ, शिष्यलक्षणे थोडी

अँथनी स्टॉर या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाचे 'फीट ऑफ क्ले' हे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. 'मातीचे पाय' हे नाव दानिएलच्या ग्रंथातून आले आहे. नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात दिसलेल्या त्या प्रचंड पुतळ्याचे मस्तक सोन्याचे होते, छाती रुप्याची होती, पण पावले काही लोखंडाची तर काही मातीची होती. एक दगड येऊन नेमका त्या पावलांवर आदळला आणि सारा डोलारा खळ्यावरील भुसासारखा उडून गेला. स्वयंघोषित गुरूंच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ग्रंथाला याहून समर्पक नाव मिळणे कठीण. ग्रंथ आता जुना झाला आहे आणि स्टॉर स्वतः २००१ साली निवर्तला. तरीही, नव्या धर्मपंथांच्या प्रवर्तकांविषयी सुशिक्षित मंडळींत बोलणे निघाले म्हणजे आजही याच पुस्तकाचा आधार घेतला जातो. म्हणून त्याची थोडी सविस्तर चिकित्सा करण्याचे योजिले आहे.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. या पुस्तकात गयानाच्या जंगलात शेकडो अनुयायांना विष पाजणारा जिम जोन्स आहे, टेक्सासमधील वेको येथे १९९३ साली आपल्या माणसांसह आगीत संपलेला डेव्हिड कोरेश आहे, गुर्जिएफ आहे, आपल्या पुण्याला परिचित असलेले रजनीश आहेत. आणि याच रांगेत एक प्रकरण संत इग्नेशियस लोयोला व प्रभू येशू यांच्यावर आहे. हे वाचताच कोणाही ख्रिस्ती माणसाच्या कपाळाला आठी पडेल. ती आठी तूर्त बाजूला ठेवून पुस्तक उघडावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम श्रेय द्यावयास हवे. स्टॉर हा एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याची भाषा स्वच्छ असून वैद्यकीय परिभाषेचे धुके तो वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे करीत नाही. शिवाय तो प्रामाणिक आहे. त्याचे स्वतःचे मनोविश्लेषणाचे शिक्षण कार्ल युंग यांच्या परंपरेत झाले. तरीही युंग आणि फ्रॉइड या दोघांना त्याने गुरूंच्या याच यादीत बसवले आहे. आपल्याच घराण्यातील पितरांची कुंडली मांडणे सर्वांना जमत नाही. फ्रॉइडच्या मंडळात मतभेद करणाऱ्याची जी गत होई, ती एखाद्या पंथातून बहिष्कृत झालेल्या माणसाच्या गतीहून फारशी निराळी नव्हती, हे त्याने कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

स्टॉरने रेखाटलेले गुरूचे चित्र साधारण असे आहे. हा माणूस बहुधा बालपणी एकाकी असतो. बरोबरीची माणसे त्याला भेटत नाहीत, आणि पुढेही त्याला मित्र नसतात, शिष्य असतात. तारुण्याच्या उत्तरार्धात केव्हातरी तो शारीरिक वा मानसिक आजाराच्या, नैराश्याच्या, गोंधळाच्या गर्तेत सापडतो. तेथून बाहेर येतो तो एक उत्तर घेऊनच. ते त्याच्या स्वतःच्या दुःखावरील उत्तर असते. पण त्याला ते साऱ्या जगाच्या दुःखावरील उत्तर वाटू लागते. त्या क्षणापासून त्याच्या ठायी संशयाला जागा उरत नाही, आणि ही निःसंशयताच इतरांना ओढून घेते. आपण सारे शंकांनी पोखरलेले असतो. ज्याला शंकाच नाही असा माणूस समोर आला की त्याच्या डोळ्यांत आपल्याला दीप दिसू लागतो. मग टीका त्याला सहन होत नाही. सामान्यांचे नियम त्याला लागू होत नाहीत. पैसा, स्त्रीसंग आणि सत्ता या तीन वाटांपैकी एखादीवर, कित्येकदा तिन्हींवर, त्याची पावले घसरतात.

हे चित्र पुष्कळ अंशी खरे उतरते. जिम जोन्स आणि रजनीश हे दोघेही १९३१ साली जन्मले, हा योगायोग मला वाचताना जाणवला. एक अमेरिकेतील इंडियाना राज्यातील खेड्यात, दुसरे मध्य प्रदेशातील कुचवाडा येथे. जोन्सचे वडील पहिल्या महायुद्धात विषारी वायूने खंगलेले, आई कामाला बाहेर. हे पोर गावभर एकटे हिंडे, मेलेल्या प्राण्यांचे दफनविधी करी आणि इतर मुलांना गोळा करून प्रवचने देई. रजनीश सात वर्षांचे होईपर्यंत आजी-आजोबांकडे वाढले, आणि ज्यांच्यावर सारा जीव होता त्या आजोबांचा मृत्यू त्यांनी डोळ्यांदेखत पाहिला. १९५३ साली जबलपूर येथे आपणास ज्ञानप्राप्ती झाली असे ते सांगत. पुढे मुंबई, १९७४ पासून पुण्याचे कोरेगाव पार्क, १९८१ पासून अमेरिकेतील ऑरेगन, तेथील ९३ रोल्स-रॉइस मोटारी, आणि १९८४ साली त्यांच्या आश्रमातील काही जबाबदार व्यक्तींनी जवळच्या गावातील उपाहारगृहांच्या खाद्यपदार्थांत रोगजंतू कालवून ७५१ माणसांना आजारी पाडले, हा सर्व इतिहास सर्वज्ञात आहे. दोघांची वृत्ती, विद्वत्ता आणि शेवट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. रजनीश बहुश्रुत होते, जोन्स नव्हता. तरी स्टॉरचा साचा दोघांनाही थोडाफार बसतो.

परंतु साचा बसतो, तो किती जणांना? एकाकी बालपण, आजोबांचा मृत्यू, तिशीतील नैराश्य, त्यातून सावरताना मिळालेले एखादे उत्तर, या गोष्टी माझ्या धर्मग्रामातील अर्ध्या घरांत सापडतील. त्या घरांतून एकही जोन्स निघाला नाही. त्यांच्यातील कोणी बँकेत कारकून झाला, कोणी वाडी करतो, कोणी गायनवृंदात पेटी वाजवतो. बीज एकच असून एका ठिकाणी वृक्ष उभा राहतो आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच उगवत नाही, तेव्हा जमिनीचा विचार करणे भाग पडते. येथे स्टॉर कमी पडतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे मन तो बारकाईने वाचतो. खुर्चीसमोर जमिनीवर बसलेली माणसे पुस्तकाच्या अखेरीस येतात, आणि ती एकगठ्ठा येतात. त्यांना नावे नाहीत, कुंडली नाही.

हा दोष केवळ स्टॉरचा नाही. 'करिष्मा' या शब्दाच्या प्रवासातच तो दडलेला आहे. आज वर्तमानपत्रांत नट, क्रिकेटपटू आणि पुढारी यांना लावला जाणारा हा शब्द मुळात आपला, म्हणजे ख्रिस्तसभेचा आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो 'कृपादान' या अर्थाने वापरला. रुडॉल्फ सोम या जर्मन लुथरन पंडिताने १८९२ साली ख्रिस्तसभेच्या कायद्यावर लिहिताना तो पुन्हा पुढे आणला, आणि त्याच्याकडून तो समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने उचलला. वेबरच्या मरणोत्तर, १९२२ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे तो जगभर पसरला. वेबर सावध होता. नेत्याच्या अंगी खरोखरीच अलौकिक गुण आहे की नाही, याला त्याने महत्त्व दिले नाही. अनुयायी तसे मानतात की नाही, हे त्याने महत्त्वाचे मानले. अनुयायांनी मान्यता काढून घेतली की करिष्मा संपला. म्हणजे करिष्मा हे एका माणसाच्या अंगचे तेज नसून दोन पक्षांमधला व्यवहार आहे. पण वेबरनंतर हा शब्द लोकांच्या तोंडी गेला आणि व्यवहारातील एकच पक्ष लक्षात राहिला.

पौलाचा अर्थ तर याहून पलीकडचा होता. त्याच्या दृष्टीने कृपादान ज्याला मिळते त्याच्या मालकीचे ते नसतेच. ते सर्वांच्या हितासाठी असते. आणि त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात त्याने एक अत्यंत व्यवहारी सूचना केली आहे: संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्यांचे बोलणे पारखावे; बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले तर आधी बोलणाऱ्याने गप्प बसावे. नव्या पंथांचा प्रवर्तक कसा ओळखावा, यावर मी वाचलेल्या आधुनिक ग्रंथांत या सूचनेइतकी नेमकी कसोटी मला आढळलेली नाही. तो किती तेजस्वी बोलतो हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्यासमोर बसलेला माणूस उठून उभा राहिला, तर तो थांबतो का?

जोन्सच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर ध्वनिफितीवर नोंदलेले आहे. १८ नोव्हेंबर १९७८ या दिवशी जोन्सटाउनच्या मंडपात जे घडले त्याची सुमारे पाऊण तासाची फीत मागे राहिली. अमेरिकन काँग्रेसचे सदस्य लिओ रायन चौकशीसाठी आले होते. परत निघताना त्यांच्यासह पाच जणांना विमानतळावर गोळ्या घालण्यात आल्या. आता सारे संपले, सर्वांनी मिळून मरावे, असे जोन्स सांगत आहे. तेवढ्यात एक बाई बोलू लागते. क्रिस्टीन मिलर तिचे नाव, वय साठ, लॉस एंजेलिसहून आलेली कृष्णवर्णीय स्त्री. ती आरडाओरडा करीत नाही. रशियाला जाण्याचे आधी ठरले होते त्याचे काय झाले, असे ती विचारते. थोडीशी माणसे सोडून गेली म्हणून एवढ्या साऱ्यांनी जीव द्यावा हे तिला पटत नाही. लहान मुलांना जगण्याचा हक्क आहे, असे ती म्हणते.

आता ऐकणाऱ्याने लक्ष द्यावयाचे ते पुढील भागाकडे. जोन्स तिला बोलू देतो. तो तिच्याशी वाद घालतो, तिला समजावू पाहतो. तिला गप्प करतात ते आजूबाजूचे लोक. एक जुना अनुयायी उठून तिला सुनावतो की, तुझे अस्तित्वच मुळी याच्यामुळे आहे. जमाव ओरडतो, आणि तिचा आवाज त्या ओरडण्यात बुडतो. त्यानंतर सायनाइड मिसळलेले सरबत येते, आणि ते प्रथम मुलांना दिले जाते. त्या दिवशी एकूण ९१८ माणसे मेली. त्यांत तीनशेहून अधिक मुले होती. क्रिस्टीन मिलरही वाचली नाही.

स्टॉरचे जोन्सवरील प्रकरण मी दोनदा वाचले. जोन्सचा भ्रम, त्याची औषधांची चटक, त्याचा वाढता संशय, हे सारे त्यात आहे. तेवढे पुरेसे नाही, असे मला वाटते. त्या मंडपात जोन्सच्या मनाइतकेच महत्त्वाचे होते ते त्या जमावाचे मन, आणि ते एका दिवसात घडलेले नव्हते. सामूहिक मरणाच्या तालमी तेथे आधीच अनेक रात्री झाल्या होत्या. 'पांढऱ्या रात्री' असे त्यांना नाव होते. प्रत्येक तालमीत न बोलण्याचा सराव झाला.

ही माणसे मूर्ख होती, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. जोन्सच्या अनुयायांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि ते त्याच्याकडे आले ते चांगल्या कारणांसाठी. १९५० नंतरच्या दशकात, जेव्हा इंडियानापोलिसमध्ये गोरे व काळे एका बाकावर बसून प्रार्थना करीत नसत, तेव्हा त्याच्या मंदिरात ते बसत होते. तो वृद्धांची सोय लावी, भुकेल्यांना जेवू घाली. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्को शहराने त्याला गृहनिर्माण आयोगाचे अध्यक्षपद दिले. त्याच काळात कोंबडीची काळजे हातचलाखीने दाखवून कर्करोगाच्या गाठी काढल्याचा चमत्कारही तो करीत होता, आणि हे ठाऊक असलेली जवळची माणसे गप्प होती. कारण उद्दिष्ट उदात्त होते. चांगल्या कामासाठी एवढे चालायचेच! हे वाक्य मला फार ओळखीचे वाटते. ते केवळ पंथांतच उच्चारले जाते असे नाही.

येथे एक प्रश्न थोडा बाजूचा, पण आपल्या घरांतला. गेल्या काही वर्षांत दोन-तीन कुटुंबे माझ्याकडे अशा कारणासाठी आली की, मुलगा वा मुलगी एखाद्या स्वतंत्र प्रवचनकाराच्या मंडळात जाऊ लागली आहे, मोबाइलवर दिवसरात्र त्याचीच भाषणे चालू असतात, घरच्या सणाला ती येत नाही. आईचा पहिला प्रश्न असतो : "फादर, तिच्यावर कोणी काही केलंय का?" गावच्या भाषेत करणी, शहरी भाषेत ब्रेनवॉशिंग, अर्थ एकच. आयलीन बार्कर या ब्रिटिश विदुषीने मूनपंथीयांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९८४ साली ग्रंथ लिहिला. लंडन परिसरात त्या पंथाच्या शिबिरांना गेलेल्या हजारभर माणसांचा तिने मागोवा घेतला, तेव्हा सुमारे नव्वद टक्के पंथात गेलेच नाहीत, असे दिसून आले. जे गेले त्यांतीलही पुष्कळजण दोनेक वर्षांत बाहेर पडले. मंत्र टाकून माणूस बांधून ठेवता येत असता तर असे झाले नसते. त्या आईला मी हे सांगतो, आणि मग विचारतो की मुलगी तेथे का गेली. बहुतेक वेळा उत्तर येते ते फार साधे असते: तेथे तिचे नाव विचारणारे कोणीतरी होते. रविवारच्या आपल्या मिस्सेला हजार माणसे येतात आणि अर्ध्या तासात अंगण रिकामे होते, ही गोष्ट त्या उत्तराशी निगडित आहे. पण तो विषय निराळा.

मराठी वाचकाला या ठिकाणी समर्थ रामदासांचा 'दासबोध' आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच्या पाचव्या दशकात 'गुरुलक्षण' हा समास आहे, आणि त्याच्या लगेच पुढे 'शिष्यलक्षण' हा समास आहे. रामदासांचा शिष्य गुरूवर दृढ विश्वास ठेवणारा आहे. तो गुरूला प्रश्न विचारणारा आहे असे मी म्हणत नाही, आणि आपल्या सोयीचा अर्थ त्यांच्या तोंडी घालणे योग्यही नव्हे. मला भावते ती रचना. गुरूविषयी बोलून झाले की शिष्याविषयी बोलल्याशिवाय विषय पुरा होत नाही, हे त्या ग्रंथकर्त्याला ठाऊक होते. स्टॉरच्या ग्रंथात गुरुलक्षणे भरपूर आहेत. शिष्यलक्षणांचा समास त्याने लिहिलाच नाही.

आपल्या परंपरेत तो समास फार लवकर लिहिला गेला. 'दिदाखे' म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण' ही पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची वा दुसऱ्याच्या प्रारंभीची. शतकानुशतके ती हरवली होती. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात तिचे हस्तलिखित सापडले. त्या काळी फिरते प्रेषित आणि संदेष्टे गावोगाव हिंडत, आणि लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांना त्यांचे काय करावे हे कळत नसे. पुस्तिकेने उत्तरे दिली आहेत. पाहुणा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याने भाकरी घ्यावी, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात त्याने मेजवानी मांडावयास सांगितली आणि स्वतःच त्यावर बसून जेवला, तर तोही खोटा. वाचताना हसू येते, परंतु हे लिहिणाऱ्याने बऱ्याच मेजवान्या पाहिल्या असाव्यात. तीच पुस्तिका असेही बजावते की आत्म्याने बोलणाऱ्याची परीक्षा त्या क्षणी करू नये. त्याच्या वागण्यावरून त्याला ओळखावे. भोळ्या शेतकऱ्या-कोळ्यांच्या मंडळीला तिने पारख करण्याचा अधिकार दिला, तो असा. गुरूच्या बालपणी काय घडले याची चौकशी तिने केली नाही.

आता त्या वादग्रस्त प्रकरणाकडे वळू. येशूविषयी स्टॉर सावधपणे लिहितो आणि उपहास करीत नाही. तरीही अरण्यातील चाळीस दिवस, त्यानंतरचा अधिकारवाणीचा उपदेश, घर सोडून मागे येणारे शिष्य, हे सारे वरवर त्याच्या साच्यात बसते, हे आपण नाकारू नये. किंबहुना एक पुरावा आपण होऊन त्याच्या हाती द्यावा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूचे आप्त त्याला धरून न्यावयास आले, कारण त्याचे भान हरपले आहे असे म्हटले जात होते, अशी नोंद आहे. मत्तय व लूक यांनी ही नोंद घेतली नाही. मार्कने ती ठेवली आणि ख्रिस्तसभेने मार्कचे शुभवर्तमान ठेवले. आपल्या गुरूला घरचे लोक वेडा समजत होते, हे ज्या मंडळीने पवित्र ग्रंथात जपून ठेवले, त्या मंडळीचे मन जोन्सटाउनच्या मंडपातील मनापेक्षा निराळे असले पाहिजे.

त्याच शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात सुरफुनिकी बाई येशूला प्रत्युत्तर करते. मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणे बरे नव्हे, असे त्याने म्हटल्यावर ती मेजाखालच्या चुऱ्याचा दाखला देते. आणि येशू तिचे म्हणणे मान्य करतो, तिच्या त्या शब्दासाठीच तिची लेक बरी झाल्याचे सांगतो. परकी, स्त्री, आणि गुरूला उलट बोललेली! स्टॉरने सांगितलेल्या लक्षणांपैकी 'विरोध सहन न होणे' हे लक्षण येथे साफ उलटे पडते. योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक त्याला बळेच राजा करू पाहतात, तर तो एकटाच डोंगरावर निघून जातो. पुढे शिकवण कठीण वाटून पुष्कळ शिष्य परत जातात. तो त्यांना अडवीत नाही, आणि उरलेल्या बारा जणांनाही तुम्ही जाऊ इच्छिता का असे विचारतो. दार आतून उघडे होते. येशू कोण होता, हा श्रद्धेचा प्रश्न मनोविकारशास्त्राच्या मेजावर सुटणार नाही. पण तो शिष्यांशी कसा वागला, याची नोंद स्टॉरलाही उपलब्ध होती, आणि तिच्यावर त्याने अधिक वेळ द्यावयास हवा होता.

संत इग्नेशियस यांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते, कारण ते अगदी स्टॉरला हवे तसे आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथे तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, पुढे दीर्घ आजार, १५२२ साली मानरेसा येथे पापशंकांनी जीव इतका कातावला की आत्महत्येचा विचार मनात आला, आणि मग कार्दोनेर नदीच्या काठी अंतःकरण उजळले. आजार, काळोख, प्रकाश: साचा तंतोतंत बसला. पण आत्मकथनातील दोन लहान प्रसंग पाहावेत. पापशंकांतून सुटण्यासाठी त्यांनी आठवडाभर अन्नपाणी वर्ज्य केले, तेव्हा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी तो सोडला. दुसरा प्रसंग अधिक विलक्षण आहे. त्यांना हवेत सर्पासारखी, अनेक नेत्रांनी चमकणारी एक सुंदर आकृती वारंवार दिसे आणि ती पाहून त्यांना मोठे समाधान वाटे. पुढे कार्दोनेरच्या प्रकाशानंतर क्रुसासमोर गुडघे टेकले असता, ती आकृती सैतानाची आहे असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला. ज्या दर्शनाने सुख दिले ते दर्शन खोटे, असे म्हणणारा द्रष्टा स्टॉरच्या यादीत दुसरा कोण आहे? 'निःसंशयता' हे जे गुरूचे मुख्य लक्षण, ते येथे मोडते.

पुढचा इतिहासही याच दिशेचा आहे. आल्काला आणि सालामांका येथे चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना तुरुंगात टाकले, आणि अभ्यास होईपर्यंत अमुक विषयांवर बोलू नये असे बजावले. त्यांनी वेगळा पंथ काढला नाही. पस्तिशी उलटलेला हा माणूस १५२८ साली पॅरिसला जाऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला. १५४१ साली सोबत्यांनी प्रमुख म्हणून निवडले तेव्हा त्यांनी नकार दिला, पुन्हा मतदान करावयास लावले, आणि दुसऱ्यांदाही तोच कौल आल्यावर निर्णय आपल्या पापनिवेदकावर सोपविला. आणि त्यांच्या 'आध्यात्मिक साधने'च्या प्रारंभीच्या सूचनांपैकी पंधरावी सूचना तर मार्गदर्शकालाच वेसण घालते. साधकाला अमुक जीवनमार्गाकडे वळवू नये, तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे, निर्माता आणि त्याचा जीव यांना परस्पर व्यवहार करू द्यावा, असा तिचा आशय आहे. गुरूने मध्येच उभे राहू नये म्हणून गुरूनेच लिहिलेला हा नियम आहे.

मात्र आपल्या घराण्यात सर्वत्र असेच घडले, असे म्हणता येत नाही. स्टॉरचे पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १९९७ साली, 'लीजन ऑफ क्राइस्ट' या धर्मसंघाचे मेक्सिकन संस्थापक मार्सियल मासिएल यांच्यावर त्यांच्याच संघात वाढलेल्या माणसांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप जाहीरपणे केले. मासिएल यांचा रोममध्ये दरारा होता, पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांचा गौरव केलेला होता, धर्मबोलावणी आणि देणग्या यांचा ओघ चालू होता. २००६ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात त्यांना सार्वजनिक सेवेतून दूर करून प्रार्थना व प्रायश्चित्ताचे जीवन जगण्यास सांगण्यात आले. २००८ साली ते वारले. संघाने स्वतःच २०१९ साली दिलेल्या अहवालानुसार एकट्या मासिएल यांनी किमान ६० अल्पवयीन मुलांवर अत्याचार केले होते.

या प्रकरणात मासिएल यांच्या मनाचे विच्छेदन पुष्कळांनी केले आहे. मला लक्षणीय वाटते ती दुसरी एक बाब. त्या संघात नेहमीच्या तीन व्रतांखेरीज आणखी एक खासगी व्रत घेतले जाई: वरिष्ठांवर टीका करणार नाही, आणि कोणी केली तर कळवीन. क्रिस्टीन मिलरला ओरडून गप्प करणाऱ्या जमावाचे काम येथे एका व्रताने केले, तेही वेदीसमोर, सद्‌हेतूने, आज्ञापालनाचा सद्‌गुण म्हणून. पोप बेनेडिक्ट यांनी २००७ साली ते व्रत रद्द केले. एका विकृत माणसाला हटविण्याइतकीच ही कृती मोलाची होती, असे मी समजतो. कारण तो माणूस वयाने जाणारच होता, व्रत मात्र मागे राहिले असते.

स्टॉरच्या पुस्तकातील अखेरच्या प्रकरणांपैकी एकाचे शीर्षक, आम्ही कोणाकडे वळावे, अशा अर्थाचे आहे. पेत्राचा प्रश्न धर्मोपदेशकाच्या मुलाच्या कानात लहानपणापासून घुमत राहिला असावा. स्टॉरचा कल असा की, प्रौढ माणसाने कोणाकडेच वळू नये. मला हे उत्तर ऑक्सफर्डमधील सुस्थित विद्वानाचे वाटते. माणसे वळणारच, ज्या कृष्णवर्णीय आजीबाईंना इंडियानापोलिसमध्ये दुसरे कोणी शेजारी बसवून घेत नव्हते, त्यांना एकट्याने जगा असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे?

पुस्तक वाचनीय आहे. धर्मग्रामाच्या वाचनालयात ते ठेवावे, तरुणांच्या मंडळाने एखाद्या संध्याकाळी त्यावर चर्चा ठेवावी. इग्नेशियस आणि येशू यांच्यावरील प्रकरण वाचून कोणी रागावला तर रागावू द्यावे, परंतु ते प्रकरण गाळू नये. शेजारी मार्कचे शुभवर्तमान उघडे असावे, म्हणजे झाले. इंग्रजी सोपे आहे, बारावी झालेल्या मुलामुलींना अडचण येऊ नये. जोन्सवरील प्रकरण कच्च्या मनाच्या माणसाने रात्री वाचू नये.